घरातून उठलेला आवाज

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बिहारमधील पूर्णिया जिल्ह्यातल्या टेटगामा या गावी उराँव जमातीच्या एका कुटुंबातील पाच माणसांना ‘डायन’ ठरवून ठार मारण्यात आले आणि त्यांचे देह जाळण्यात आले. गावातले एक मूल दगावले होते, दुसरे आजारी होते. या दुर्दैवाचा कर्ता कोणीतरी हवा होता आणि तो शेजारच्याच घरात सापडला. मारणारे परके नव्हते. ते त्याच जमातीचे, त्याच बोलीचे आणि एकाच देवाला नवस बोलणारे होते. घरातला एक मुलगा निसटला म्हणून ही वार्ता जगाला कळली. ती वृत्तपत्रांतून दोन-चार दिवस गाजली आणि मग अशा वार्ता जेथे जातात तेथे गेली.

अशा प्रसंगी शहरातल्या सुशिक्षित माणसाची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘किती हे अज्ञान!’ असे म्हणून तो पान उलटतो. त्याचा जरा अधिक वाचलेला शेजारी म्हणतो, ‘त्यांची संस्कृती वेगळी आहे, तिला आपल्या गजाने मोजू नये.’ ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण दोहोंचा पाया एकच आहे. आदिवासी समाज म्हणजे एकमताने चालणारा, एका सुरात बोलणारा, भगताच्या आज्ञेत वागणारा जमाव, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला त्या जमावाची कीव येते आणि दुसऱ्याला त्याचे कौतुक वाटते. त्या समाजातही ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणणारी माणसे असतात आणि आपल्यातल्या कोणाहीपेक्षा अधिक मोल देऊन ती तसे म्हणतात, याची दोघांनाही दखल नसते. आजचे हे लेखन त्या माणसांविषयी आहे.

त्यांतले सर्वांत ठळक नाव आसाममधील बिरूबाला राभा यांचे. १३ मे २०२४ रोजी गुवाहाटी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी त्यांचे नाव ऐकले असेल ते २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली तेव्हा, एवढेच. मेघालयाच्या सीमेलगत गोआलपाडा जिल्ह्यातील ठाकुरविला या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले, शाळा अर्धवट सुटली, कोवळ्या वयात लग्न झाले. शेतात राबणारी, हातमागावर कापड विणणारी, मुले वाढविणारी अशी त्या भागातील हजारो राभा स्त्रियांसारखीच ही एक स्त्री होती. तिने कोणता ग्रंथ वाचला नव्हता, कोणा सुधारकाचे व्याख्यान ऐकले नव्हते. तरीही आपल्या समाजातील सर्वांत भयंकर सत्तेला तिने आव्हान दिले. ते कसे घडले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

१९८५ च्या सुमारास बिरूबालाबाईंचा थोरला मुलगा आजारी पडला आणि त्याचे मन ताळ्यावर राहिले नाही. जवळपास वैद्यकीय सोय नव्हती, तेव्हा त्या रीतीप्रमाणे देवधनीकडे गेल्या. अंगात दैवत येते आणि त्याच्या मुखाने भविष्य सांगते, असा जिचा लौकिक असतो ती देवधनी. मुलाला एका अमानवी शक्तीने झपाटले आहे, तीन दिवसांत तो मरेल, असा कौल मिळाला. आईने ते तीन दिवस कसे काढले असतील याची कल्पनाच करावी. तीन दिवस गेले, चौथा उजाडला, आणि मुलगा जिवंत होता. पुढेही तो अनेक वर्षे जगला.

भगताची किंवा ओझाची सत्ता ज्या तर्कावर उभी असते, तो तर्क असा आहे की त्याला हरविता येत नाही. रोगी बरा झाला तर मंत्र लागू पडला. रोगी मेला तर डाकीण प्रबळ ठरली. जिच्यावर आळ आहे तिने गुन्हा कबूल केला तर ती दोषी. कबूल केला नाही तर ती पक्की दोषी, कारण डाकीण कधी कबूल करते काय? अशा वर्तुळात शिरलेल्या माणसाला बाहेर पडण्यास दार नसते. गोआलपाड्याच्या त्या देवधनीने मात्र एक चूक केली : तिने मुदत सांगितली. ज्या दिवशी दैवी वाणीने तारखेचा हिशोब दिला, त्या दिवशी ती पडताळून पाहता येण्याजोगी झाली. आणि जी पडताळता येते ती खोटीही ठरू शकते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ज्या न्यायाने एखादा सिद्धान्त टाकून देतो, त्याच न्यायाने एका अल्पशिक्षित आईने आपल्या धर्मसत्तेवरील विश्वास टाकून दिला. विवेक ही पाठ्यपुस्तकांतून मिळणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचे मनन करावे.

परंतु मनात शंका येणे निराळे आणि चारचौघांत ती बोलून दाखविणे निराळे. बिरूबालाबाई गावच्या महिला समितीत काम करू लागल्या, पुढे ‘आसाम महिला समता सोसायटी’शी त्यांचा संबंध आला. लखीपूर येथील एका सभेत डाकीण असते की नाही असा विषय निघाला, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि डाकीण म्हणून काही नसतेच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याचा परिणाम ताबडतोब झाला. गावाने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे शहरात सदनिकेचे दार लावून राहणाऱ्यास पुरते कळणे कठीण आहे. जेथे पेरणी, कापणी, बाळंतपण आणि मर्तिक ही सारी शेजाऱ्याच्या हातभारावर चालतात, तेथे शेजाऱ्याने तोंड फिरविणे ही शिक्षा कैदेपेक्षा कठोर असते. त्यातही डाकिणीचा बचाव करणारी स्त्री स्वतःच डाकीण ठरण्यास वेळ लागत नाही. बिरूबालाबाईंनी हे सर्व सोसले. त्या त्याच गावात राहिल्या आणि आळ आलेल्या दुसऱ्या बायकांच्या बाजूने जाऊन उभ्या राहू लागल्या. त्यांच्या हयातीत पन्नासाहून अधिक स्त्रियांचे प्राण त्यांच्या धडपडीने वाचले, असे सांगितले जाते.

धर्मसत्ता हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. आदिवासी समाजात मठ नाहीत, पीठे नाहीत, पोथी नाही. म्हणून तेथे धर्मसत्ताही नाही असे समजणे चूक होय. संथाळांचा जानगुरू, आसामातील ओझा आणि बेज, कोरकूंचा भूमका, भिल्लांचा बडवा, यांच्या हाती आजार, पाऊस आणि मृत्यू यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार असतो. आणि संकटाचा अर्थ सांगणारा माणूस संकटाचा दोषी कोण हेही ठरवितो. या व्यवस्थेत स्त्रीचे स्थान काय, हे पाहिले म्हणजे बराच उलगडा होतो. संथाळांत विशिष्ट बोंगांच्या पूजेत स्त्रियांना स्थान नाही. त्याच समाजात जादूटोण्याचा आळ येतो तो बहुधा स्त्रियांवर. ज्यांना देवघरात प्रवेश नाही, त्यांच्यावरच देवाशी चोरून संधान बांधल्याचा आरोप ठेवावयाचा, ही युक्ती केवळ आदिवासींची आहे असे मात्र कोणी समजू नये.

या आरोपाच्या मुळाशी पुष्कळदा जमीन असते. गोविंद केळकर आणि देव नाथन या अभ्यासकांनी झारखंडच्या आदिवासींचा अभ्यास करून हा धागा पूर्वीच उकलून दाखविला आहे. नवऱ्यामागे विधवेला त्याच्या जमिनीचा हयातभर उपभोग घेण्याचा रिवाज असला, तर ती विधवा आणि पुढचे वारस पुरुष यांच्यामध्ये केवळ तिचे आयुष्य तेवढे उरते. अशा वेळी भगताचा एक शब्द कोर्टाच्या दहा दाव्यांचे काम करतो. म्हणून डाकीण ठरविण्याच्या प्रथेला नुसते अज्ञान म्हणणे अपुरे आहे. त्यात अज्ञान आहे तसा हिशोबही आहे. अज्ञान दिव्याने जाईल. हिशोब जाण्यास कायदा, तलाठ्याचे दप्तर आणि पोलीस यांची गरज लागते.

कायदे झाले आहेत, नाही असे नाही. या विषयावर देशात पहिला कायदा केला तो बिहारने, १९९९ साली; झारखंडने तोच २००१ मध्ये स्वीकारला. त्यात एखाद्या स्त्रीला डायन म्हणून जाहीर करण्याबद्दल शिक्षा आहे ती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी. एका जिवाचा सौदा ज्या शब्दाने होतो त्या शब्दाची ही किंमत! छत्तीसगडने २००५ मध्ये, ओडिशाने २०१३ मध्ये, राजस्थानने २०१५ मध्ये कायदे केले. आसाम विधानसभेने ऑगस्ट २०१५ मध्ये विधेयक संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा होण्यास २०१८ साल उजाडले. हा कायदा बराच कडक आहे, आणि तो होण्यामागे बिरूबालाबाई व त्यांचे सहकारी यांची दीर्घ खटपट होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार जादूटोण्याच्या कारणावरून देशात २०२१ मध्ये ६८ आणि २०२२ मध्ये ८५ खून झाले. हे केवळ खुनांचे आकडे. ज्या स्त्रिया मारहाण सोसून, धिंड सोसून, गाव सोडून जिवंत राहिल्या त्यांची मोजदाद यात नाही. पहिला कायदा ज्या राज्याने केला त्याच राज्यात, पंचवीस वर्षे उलटल्यावर, टेटगामा घडते. यावरून कायद्याच्या पुस्तकाची पोच किती, हे दिसून येते.

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक कारण इतिहासात आहे. आदिवासी मुलखात सुधारणा आली ती बहुतेक वेळा जेत्याच्या घोड्यावर बसून आली. इंग्रजांनी छोटानागपुरात डाकिणींच्या हत्येवर बंदी घातली, पण त्याच इंग्रजांनी जमिनीची घडी विस्कटली, सावकार आणले, जंगल बंद केले. परिणामी १८५७ च्या उठावात त्यांची सत्ता तेथे काही काळ डळमळताच डाकिणींच्या हत्यांना ऊत आला, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. परक्याने बंद केलेली चाल पुन्हा सुरू करणे हे स्वातंत्र्याचे चिन्ह बनले! वाईट रूढीलाही अस्मितेचे कवच चढते ते अशा वेळी. ज्या राज्ययंत्रणेचे दर्शन लोकांना खाणीसाठी, धरणासाठी किंवा वनखात्याच्या दंडासाठीच घडते, तिने अचानक दयाळू मुद्रा धारण करून ‘तुमचा भगत खोटा’ असे सांगितले तर कोण ऐकणार?

याची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. आदिवासींचा धर्म ही केवळ भीतीची गोष्ट नाही. तो पुष्कळ ठिकाणी त्यांच्या भूमीची ढाल आहे. २०१३ साली ओडिशातील नियमगिरी पर्वतावर बॉक्साइटची खाण काढण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा डोंगरिया कोंध जमातीच्या पूजेच्या हक्काचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तो पर्वत वाचला तो त्यावर ‘नियमराजा’ नांदतो या श्रद्धेमुळे. १९९६ च्या पेसा कायद्यानेही रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हे योग्यच झाले. परंतु येथेच आतल्या बंडखोराची खरी कोंडी होते. श्रद्धा ही ढाल ठरली की तिच्याविषयी शंका घेणारा शत्रूचा हस्तक ठरतो. ‘तू कंपनीची, तू सरकारची, तू मिशनऱ्यांची, तू शहरातल्या संस्थेची’ असे त्याला ऐकावे लागते. ढाल फोडणारा आणि ढालीवरचा गंज काढणारा यांत फरक करण्याइतकी उसंत लढाईत नसते.

ही कोंडी कशी फोडावी यावर आपल्याकडे फार पूर्वीपासून वाद चालला आहे. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आपल्या ग्रंथात आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, त्यांना उर्वरित समाजात सामावून घ्यावे, अशी भूमिका मांडली. व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला धक्का लावू नये असे आग्रहाने प्रतिपादिले. पंडित नेहरूंनी एल्विन यांच्या ईशान्य सीमाप्रदेशाविषयीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहून, या लोकांवर काही न लादता त्यांच्या स्वभावधर्मानुसार त्यांचा विकास व्हावा, असे सूत्र घालून दिले. सूत्र उदात्त होते. परंतु सामावून घ्या म्हणणारे आणि जपून ठेवा म्हणणारे, दोघांच्याही बोलण्यात एक प्रश्न हरवला होता : त्या समाजाचा स्वभावधर्म सांगावयाचा कोणी? भगताने की भगताला प्रश्न विचारणाऱ्या बाईने? ती बाईही राभाच आहे, तिचीही बोली तीच आहे, तिचेही पूर्वज त्याच मातीत पुरले आहेत. परंपरेचा वारसा जर दोघांचाही आहे, तर ती बदलण्याचा हक्क एकालाच कसा नसावा?

आणि आदिवासी परंपरेत असा बदल घडविणारे झाले नाहीत असेही नाही. ज्यांच्या जन्माची दीडशे वर्षे २०२५ साली देशाने साजरी केली, त्या बिरसा मुंडांचेच उदाहरण घ्या. इंग्रजांविरुद्ध लढलेला वीर एवढाच त्यांचा पुतळा आज चौकाचौकांत उभा आहे. परंतु बिरसांनी आपल्या लोकांना अनेक बोंगांची पूजा आणि पशुबळी सोडण्यास सांगितले, एकाच देवाची उपासना शिकविली, आणि ज्या मिशनच्या शाळेत ते शिकले होते त्या मिशनशीही नाते तोडले. म्हणजे त्यांचे पहिले बंड घरातल्या धर्मसत्तेविरुद्ध होते. आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर १९२२-२३ च्या देवीच्या चळवळीचे आहे. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरली. अंगात आलेल्या देवीच्या मुखातून ‘दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, दारूचे गुत्ते चालविणाऱ्यांकडे मजुरीला जाऊ नका’ अशा आज्ञा निघाल्या आणि हजारोंनी त्या पाळल्या. जुन्या चालीरीतींविरुद्धचा हा उठाव नव्या देवीच्या नावाने झाला. तात्पर्य, या समाजाला मतभेद अपरिचित नाही. मात्र तो आपल्याच भाषेत बोलतो आणि तो कानावर पडण्यास आपण ती भाषा शिकावी लागते.

बिरूबालाबाईंचे यश याच गोष्टीत होते. त्यांनी गावच्या देवांवर शस्त्र उगारले नाही, सणांची टवाळी केली नाही, सबंध समाजाला रानटी ठरविले नाही. त्यांनी एकच गोष्ट नाकारली : आजारासाठी शेजारणीला दोषी धरण्याचा अधिकार. सगळ्या श्रद्धेवर एकदम घाव घातला असता तर सगळा समाज एक झाला असता. त्यांनी घाव घातला तो ज्याने माणूस मरतो त्या एका फांदीवर. आणि तो घातला तो गावातच राहून. बाहेरचा अधिकारी बदलीने जातो, संस्थेचा कार्यकर्ता मुदत संपताच जातो; शेजारीण जात नाही. त्यांच्याबरोबरच २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ मिळविणाऱ्या झारखंडच्या छुटनी महतो या आदिवासी नव्हेत, पण गोष्ट तीच आहे. १९९५ साली डायन म्हणून त्यांचा छळ झाला, गाव सोडावे लागले. आणि पुढे आपल्यासारख्या इतर पीडित बायकांसाठी त्या उभ्या राहिल्या. जिला मारण्यास गाव निघाले, तिनेच गावाला शहाणे करावे, हा काव्यगत न्याय नव्हे. ती या प्रकारच्या सुधारणेची एकमेव टिकाऊ पद्धत आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहावे अशी आपली स्थिती नाही. सातपुड्याच्या कुशीत, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव या भागांत डाकीण ठरवून स्त्रियांना छळल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणून तापलेल्या विळ्याचे चटके देण्याचा ‘डंबा’ अद्याप बातम्यांत येतो. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोणी करणी करतो असा आळ घेऊन एखाद्याचे जिणे नकोसे करणे त्यानुसार गुन्हा आहे. पण हा कायदा मिळाला कसा? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, सकाळी फिरावयास गेले असता त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मग वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. त्या खटल्यात दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप आणि अन्य तिघांची निर्दोष मुक्तता असा निकाल लागला तो १० मे २०२४ रोजी, बिरूबालाबाईंच्या निधनाआधी तीन दिवस. गोआलपाड्याच्या खेड्यात डाकीण नाही म्हणणारी स्त्री वार्धक्यापर्यंत जगली आणि विद्येच्या माहेरघरात तेच म्हणणारा डॉक्टर भर रस्त्यात मारला गेला. अज्ञानाचा पत्ता सांगताना आपण बोट कोणीकडे दाखवावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या पूर्वजांनाही हा अनुभव नवा नव्हता. गोपाळ गणेश आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली ती पुण्यात, आपल्याच ज्ञातिबांधवांच्या खांद्यावरून. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज आपण या दोघांना आपल्या परंपरेचे भूषण मानतो. त्या वेळी ते परंपरेचे वैरी होते. जो न्याय आगरकर-कर्व्यांना आपण उशिरा का होईना दिला, तोच राभा, उराँव आणि भिल्ल समाजातील आगरकर-कर्व्यांना ते जिवंत असताना देण्यास काय हरकत आहे?

प्रश्नाचे मर्म बहिष्कारात आहे. समूहाला आपला धर्म राखण्याचा हक्क आहे. पण न पटणाऱ्या सभासदाला तोडून टाकण्याचा हक्कही त्यात येतो काय? मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला, तो दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या निकालात वेगळे मत नोंदविणारे न्यायमूर्ती होते ते खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृताला माणसाप्रमाणे जगता येत नाही, ही गोष्ट त्यांना धर्मगुरूच्या अधिकाराहून मोठी वाटली. २०२३ मध्ये न्यायालयाने तो जुना निर्णय फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. दरम्यान जातपंचायतींच्या जाचाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ मध्ये अमलात आला. घटनेच्या २५ व्या कलमाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे ते व्यक्तीला. आणि तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. तिच्या वतीने ते स्वातंत्र्य जमातीने किंवा तिच्या भगताने परस्पर वापरावे, अशी सोय त्या कलमात आम्हांस दिसत नाही.

हे तत्त्व एकदा मानले की ते सोयीनुसार वापरता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात छत्तीसगडमधील नारायणपूर भागात ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांना गावाबाहेर हाकलण्यात आले, तेव्हा डाकीणप्रथेवर कडाडून बोलणारे अनेक जण गप्प बसले. ज्याने जुना देव सोडला त्याला गावात राहण्याचा हक्क आहे. आणि जेथे नव्या धर्माचे लोक बहुसंख्य असतील तेथे जुना देव न सोडणाऱ्यालाही तितकाच आहे. सक्तीने वा आमिषाने धर्म बदलविणे जसे निंद्य, तसेच सक्तीने धर्मात डांबून ठेवणेही निंद्य. आपल्याला आवडणाऱ्या बंडखोराला तेवढे स्वातंत्र्य द्यावयाचे, हे स्वातंत्र्य नव्हे.

मग करावयाचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर. बिरूबालाबाई देवधनीकडे गेल्या त्या हौसेने नव्हे; दुसरे दार उघडे नव्हते म्हणून. ज्या वस्तीपासून दवाखाना कोसावर आणि भगत हाकेवर आहे, तेथे व्याख्यानांनी काही साधणार नाही. मेळघाटात भूमकांनाच विश्वासात घेऊन रोग्याला रुग्णालयाची वाट दाखविण्यास प्रवृत्त करण्याचे प्रयत्न झाले आहेत. ही दिशा आम्हांस योग्य वाटते. सत्तेशी नुसते भांडण्यापेक्षा तिच्या हातातले काम काढून घेणे अधिक परिणामकारक असते. दुसरी गोष्ट म्हणजे आळ येताच संरक्षण. खून झाल्यावर येणारा पोलीस पंचनाम्यापुरता उपयोगी. ज्या दिवशी गावात कुजबुज सुरू होते, त्या दिवशी कोणाकडे जावयाचे हे त्या बाईला ठाऊक असले पाहिजे आणि ज्याच्याकडे जावयाचे त्याला आपले कर्तव्य ठाऊक असले पाहिजे. जिच्यावर आळ आहे तिच्या नावावर जमीन किती आणि ती कोणाला हवी आहे, ही चौकशी तपासाच्या पहिल्या दिवशी व्हावी. तिसरी गोष्ट, बिहार-झारखंडच्या कायद्यातील ती हजार रुपयांची थट्टा लवकरात लवकर संपावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सरकारच्या हातची नाही. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी, आदिवासींना लोकशाही शिकविण्याची गरज नाही, उलट ती त्यांच्यापासून शिकावी, अशा आशयाचे अभिमानाचे उद्गार काढले होते. ते आम्हांस मनापासून मान्य आहेत. पण ग्रामसभेत सर्वांना समान बसण्यास जागा असणे ही लोकशाहीची अर्धी कसोटी झाली. सर्वांविरुद्ध एकट्याने उभे राहून बोलल्यावर तो सुखरूप घरी परतणे, ही दुसरी अर्धी. या कसोटीला टेटगामा उतरले नाही. पुण्यातला तो पूलही उतरला नाही. लखीपूरच्या सभेत उठून उभी राहिलेली बाई घरी परतली, वाळीत पडली, पण जगली आणि पुढे तिच्याच गावात तिचा शब्द मानला जाऊ लागला. ज्या समाजाने आपल्यातल्या अशा एका माणसाला जगू दिले, त्याची सुधारणा बाहेरून करावी लागत नाही. ती सुरू झालेली असते. आपले काम एवढेच की, त्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे आणि त्याच्या पुढे जाऊन उभे राहू नये.